गावात आलेली फायबर ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्या

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व ग्रामसभांचे सभासद, सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांस

विषय: गावाच्या इंटरनेट जोडणीची देखरेख, वाड्या-पाड्यांपर्यंत विस्तार आणि इंटरनेटच्या नियमांत गावाचा सहभाग

सप्रेम नमस्कार.

आपल्या ग्रामपंचायत कार्यालयात, बहुधा संगणकाच्या टेबलामागे किंवा दप्तराच्या कपाटावर, एक छोटी पांढरी पेटी आहे. तिला ओएनटी म्हणतात. तालुक्याहून आलेली फायबर तिच्यात संपते आणि तिथून संगणकाला इंटरनेट मिळते. पाण्याची टाकी कधी भरली, व्हॉल्व्ह कोणी सोडला, पाणीपट्टी कोणाची थकली हे ग्रामसभेत उभे राहून विचारले जाते. ही पेटी गेल्या महिन्यात किती तास चालू होती, हा प्रश्न मात्र बहुतेक गावांत कोणी विचारत नाही. तो विचारायला लागा, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. प्रश्न विचारायचा तर काय पाहायचे, काय मोजायचे आणि कोणाकडे जायचे ते माहीत हवे, म्हणून पत्र लांबले आहे.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजुरी दिली. २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने आपल्या वाट्याचे काम महानेट या नावाने स्वतः हाती घेतले. ४ ऑगस्ट २०२३ रोजी सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्याचा खर्च १,३९,५७९ कोटी रुपये आणि देखभालीसह सगळ्याची जबाबदारी बीएसएनएलकडे. आकडा मोठा आहे, पण गावाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची ओळ वेगळ्याच कागदात आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानाच्या दुसऱ्या आवृत्तीत २०३० पर्यंत २ लाख ७० हजार गावांत चालू स्थितीतली फायबर आणि ९५ टक्के अपटाइम, म्हणजे लाइन चालू राहण्याचा वेळ, असे लक्ष्य ठेवले आहे. त्याच कागदात सुरुवातीचा आकडा सुमारे ५० हजार गावांचा आहे. ‘सर्व्हिस रेडी’ ग्रामपंचायतींची संख्या मात्र २ लाखांवर सांगितली जात होती. म्हणजे केबल पोहोचली, पेटी बसली, फोटो निघाला आणि नोंद झाली, एवढ्याला रेडी म्हणतात. ती रोज चालते का, हा निराळा हिशेब आहे आणि तो मांडायला गावाइतके योग्य कोणी नाही.

९५ टक्के म्हणजे किती, ते तासांत काढा. ३० दिवसांचे ७२० तास, त्यातले ५ टक्के म्हणजे ३६ तास. महिन्यात एकूण ३६ तासांपेक्षा जास्त वेळ लाइन बंद राहिली तर सरकारने स्वतः ठरवलेले लक्ष्य तुमच्या गावात पाळले गेले नाही. हे सिद्ध करायला दोनशे पानी वही पुरते. तारीख, बंद पडल्याची वेळ, पेटीवर कोणता दिवा कसा होता, वीज होती की नाही, तक्रार क्रमांक, चालू झाल्याची वेळ आणि नोंद करणाऱ्याची सही, एवढेच रकाने आखा. वही कपाटात ठेवू नका. पेटीशेजारीच खिळ्याला टांगा, नाहीतर आठवड्याभराच्या नोंदी एकदम आठवून लिहिल्या जातात आणि त्यांना किंमत राहत नाही.

दिवे वाचायला कोणाही दहावीच्या मुलाला दहा मिनिटांत शिकवता येते. पॉवरचा दिवाच नसेल तर प्रश्न विजेचा आहे, बीएसएनएलचा नाही. ‘लॉस’ नावाचा दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाश येतच नाही: केबल तुटली आहे, किंवा पेटीमागची पिवळी पॅचकॉर्ड निघाली वा मोडली आहे. लाल दिवा नाही पण ‘पॉन’चा हिरवा दिवा सतत लुकलुकतो आहे, तर प्रकाश येतोय पण तालुक्याच्या यंत्राशी, म्हणजे ओएलटीशी, पेटीची नोंदणी होत नाही. प्रकाश फार क्षीण झाला की असे होते, किंवा पेटी बदलून नवी बसवली आणि तिचा क्रमांक तिकडे चढवलाच नाही. दोन्ही दिवे ठीक आणि तरी इंटरनेट नाही, तर बिघाड तालुक्याच्या पुढे आहे, किंवा सेटिंग उडाले आहे, किंवा जोडणीचे पैसे भरायचे राहिले आहेत. ‘नेट बंद आहे’ अशी तक्रार महिनाभर पडून राहते. ‘सकाळी ९:४० पासून लॉस लाल, वीज चालू, पॅचकॉर्ड तपासली’ अशी तक्रार दिली की कोणता माणूस आणि कोणते यंत्र घेऊन यायचे ते पलीकडच्याला कळते.

बंद लाइनींतला मोठा भाग निव्वळ विजेचा असतो. संध्याकाळी कार्यालयाला कुलूप लावताना शिपाई मेन स्विच पाडतो आणि पेटी रात्रभर बंद राहते. पलीकडून पाहणाऱ्याला हा केबलचा बिघाड आहे की विजेचा हे नेहमीच कळते असे नाही. पेटीसाठी मेन स्विचच्या आधीपासून वेगळी लाइन काढून तिला स्वतंत्र एमसीबी द्या आणि त्यावर ‘बंद करू नये’ असे रंगाने लिहा. वायरमनचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

बॅटरीचा हिशेबही अवघड नाही. ओएनटी सुमारे १५ वॅट आणि वाय-फायचा राउटर १० वॅट धरा, एकूण २५. १२ व्होल्ट ४२ अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात सुमारे ५०० वॅट-तास असतात. शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून २५० वॅट-तासच वापरायचे. तेवढ्यात २५ वॅट दहा तास चालतात. पण तीच बॅटरी इन्व्हर्टरला जोडून त्याच्या २३० व्होल्टवर पेटीचा अ‍ॅडॅप्टर लावला की १५-२० टक्के ऊर्जा नुसती उष्णतेत जाते. पेटीला १२ व्होल्ट चालत असतील तर बॅटरीतून फ्यूज आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे मॉड्यूल लावून थेट द्या. महिन्यातून एकदा भार काढून, तासाभराने, मल्टीमीटरने व्होल्टेज पाहा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. रात्रभर चार्जिंगला लावूनही १२.४ च्या वर जात नसेल तर ती बदलायला आली आहे. छपरावरच्या सौर पॅनलवर धूळ आणि कबुतरांची घाण बसते. पंधरवड्यातून एकदा सकाळी, पॅनल गार असताना, साध्या पाण्याने धुवा.

आता प्रकाशाचे गणित. इथे गावाची सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून थोडे थांबून पाहू. पेटीपर्यंत पोहोचणारा प्रकाश ऑप्टिकल पॉवर मीटरने मोजतात, एकक डीबीएम. उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश क्षीण. या प्रकारच्या पेटीला उणे ८ ते उणे २७ एवढा प्रकाश चालतो. उणे २७ च्या पलीकडे गेला की जोडणी तुटते. तालुक्यातून साधारण अधिक ३ ने प्रकाश निघतो असे धरा. केबलमध्ये दर किलोमीटरला सुमारे पाव डीबी गळतो, म्हणजे १२ किलोमीटरला ३. दहा सांधे नीट वितळवून जोडलेले असले तर मिळून १. कनेक्टरचे दीड. वाटेत एकाच्या चार फायबर करणारा स्प्लिटर असेल तर त्याचे ७.३. एकूण १२.८ गेले, गावात उणे ९.८ मिळाले, उत्तम.

पुढे घराघरांत जोडण्या द्यायच्या म्हणून कोणी याच वाटेवर गावात आठाचा स्प्लिटर बसवला तर आणखी १०.५ जातात आणि घरात उणे २०.३ येते. हे चालते, हाताशी सहा-सात डीबी शिल्लकही राहतात. पण ‘आठच काय, एकदम बत्तीस घरे घेऊ’ म्हणून बत्तीसचा स्प्लिटर लावला की १७ जातात. घरात येते उणे २६.८. जोडणी देण्याच्या दिवशी दिवा हिरवा लागतो, फोटो निघतो, पैसे घेतले जातात. मग जूनमध्ये एखाद्या सांध्याच्या डब्यात पाणी शिरते, अर्धा डीबी वाढतो आणि सगळी आळी एकदम बंद पडते. म्हणून नवीन जोडणी स्वीकारताना मीटरवरचा आकडा लिहून मागा. उणे २४ पेक्षा वाईट आकडा असेल तर जोडणी स्वीकारू नका, स्प्लिटर कुठे आणि कितीचा लावला ते विचारा. गावात घरे जास्त असतील तर छोटा ओएलटी गावातच बसवणे हा त्यावरचा सरळ मार्ग आहे, कारण मग अंतर आणि पहिला स्प्लिटर दोन्ही हिशेबातून जातात.

पॅचकॉर्डकडे विशेष लक्ष द्या. ती तारेसारखी दुमडून, खिळ्याभोवती गुंडाळून किंवा टेबलाच्या पायाखाली दाबून ठेवलेली दिसते. फायबर करंगळीभोवती गुंडाळण्याइतकी वळली की प्रकाश वळणावरच बाहेर पडतो. वेटोळे बशीएवढे ठेवा. कनेक्टरचे तोंड बोटाने वा शर्टाने पुसू नका, बोटाचा तेलकट डाग एक-दोन डीबी खातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा टिश्यू घ्या, एकाच दिशेने पुसा. उघड्या फायबरच्या तोंडात डोळा लावून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. उंदरांचा त्रास असलेल्या कार्यालयात कॉर्ड पीव्हीसी पट्टीत घाला.

केबल तुटण्याचे कारण जवळपास नेहमी एकच: खोदाई. मातीत ही केबल सुमारे १.६५ मीटर खोल टाकायची असते. पण आपल्याकडे फूट-दोन फुटांवर काळा कातळ लागतो. तिथे कमी खोलीवर लोखंडी नळी किंवा काँक्रीटचे संरक्षण देऊन केबल नेतात, आणि संरक्षण कुठे दिले, कुठे राहिले हे वरून कळत नाही. मग रस्त्याचे रुंदीकरण होते, बाजूचे गटार खोल करतात, नळयोजनेची पाइपलाइन येते आणि जेसीबीचा दात केबलला लागतो. ग्रामपंचायतीच्या हातात इथे एक खरी सत्ता आहे, ती म्हणजे कार्यारंभ आदेश. गावातल्या कोणत्याही खोदाईच्या आदेशात अट घाला की खोदण्यापूर्वी ठेकेदाराने ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅपवर नोंद करायची, त्याचा पुरावा ग्रामपंचायतीला द्यायचा, आणि केबल तुटल्यास दुरुस्तीचा खर्च त्याच्या बिलातून वळता होईल. हे अ‍ॅप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. गावचा कर्मचारी किंवा जाणता माणूस खोदाईच्या वेळी उभा राहिला तर अ‍ॅपपेक्षाही जास्त उपयोग होतो, कारण केबल कोणत्या बांधाच्या कडेने गेली ते त्याने पाहिलेले असते. त्याची ती माहिती गाव नकाशाच्या झेरॉक्सवर लाल शाईने उतरवून घ्या.

तुटलेली जागा शोधतानाही गावाची मदत लागते. तंत्रज्ञ ओटीडीआर नावाचे यंत्र लावतो, ते ‘इथून ७,४०० मीटरवर तुटली’ असे सांगते. पण हे अंतर फायबरचे असते, रस्त्याचे नाही. प्रत्येक सांध्याच्या खड्ड्यात पुढच्या दुरुस्तीसाठी १०-२० मीटर केबल वेटोळे करून ठेवलेली असते. वाटेत चार सांधे असले तर ४० ते ८० मीटर रस्त्यावर नसतातच. गाडीच्या मीटरवर ७.४ किलोमीटर मोजून खड्डा घेतला की तो पुढे पडतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि दिवस जातो. सांध्याचे खड्डे कुठे आहेत हे नकाशावर असेल तर वजाबाकी करून पहिलाच खड्डा जागेवर पडतो.

सुधारित कार्यक्रमात एका सरळ रेषेत गावे ओवण्याऐवजी रिंग करायची आहे. एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहावी हा हेतू. जुन्या रचनेत तालुक्याजवळ एक घाव बसला की पुढची सगळी गावे जात, म्हणून ही सुधारणा फार मोलाची आहे. पण रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरात टाकल्या तर जेसीबीचा एकच घाव दोन्ही तोडतो. कागदावर रिंग राहते, जमिनीत राहत नाही. काम चालू असताना ग्रामसभेने एकच गोष्ट पाहावी: गावात शिरणारी आणि गावातून बाहेर पडणारी केबल वेगवेगळ्या रस्त्यांनी जाते का? नदीच्या एकाच पुलावरून दोन्ही गेल्या असतील तर तेही लेखी कळवा. चर बुजवल्यावर ही तक्रार करून उपयोग नाही.

वाड्या आणि पाड्यांविषयी सुधारित कार्यक्रमात एक शब्द आहे, तो नीट वाचा. ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना जोडणी ‘मागणीनुसार’ मिळायची आहे. मागणी केली नाही तर यादीत नाव येणार नाही, आणि मागणी करणारे तुम्हीच आहात. ठरावात वाडीचे नाव, घरांची संख्या, शाळा, अंगणवाडी आणि उपकेंद्र आहे का, मुख्यालयापासूनचे अंतर आणि किती कुटुंबे महिना किती रुपये भरायला तयार आहेत ते सह्यांसह लिहा. ठरावाची प्रत बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या, आणि जिल्हास्तरीय दूरसंचार समितीसमोर तो ठेवावा अशी लेखी विनंती करा. भरणाऱ्या कुटुंबांची यादी जोडलेला ठराव बाजूला टाकणे अधिकाऱ्यालाही जड जाते.

फायबर येईपर्यंत बिनतारी जोडणीने काम भागू शकते. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने हे दाखवले आहे. खामलोली परिसरातल्या पाड्यांत त्यांनी आधी दूरदर्शनच्या न वापरलेल्या लहरींवर चाचणी केली, नंतर २५ गावांपर्यंत परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या लहरींवर जाळे नेले, आणि ग्रामपंचायतीला भागीदार करण्याची पद्धतही मांडली. ५.८ गिगाहर्ट्झच्या दोन तबकड्या समोरासमोर लावून पाच किलोमीटरची जोडणी करता येते. फक्त ‘तबकडी दिसते’ एवढ्यावर समाधान मानू नका. पाच किलोमीटरच्या मधोमध या लहरींना सरळ रेषेभोवती सुमारे आठ मीटर त्रिज्येची जागा लागते आणि त्यातली किमान पाच मीटर पूर्ण मोकळी हवी. मार्चमध्ये, पानगळीत, जोडणी झकास चालते. जुलैत मधल्या साग-बांबूला पाने फुटतात, ती भिजतात आणि वेग एक दशांशावर येतो. दोष पावसाच्या सरींना दिला जातो. या लहरींवर एवढ्या अंतरात पावसाचा परिणाम नगण्य असतो, अडवतात ती ओली पाने. म्हणून पाहणी पावसाळ्यात करा, आणि निलगिरी असेल तर तिची पुढच्या तीन वर्षांची वाढ धरून खांब उभारा. खांबाला स्वतंत्र अर्थिंग द्या. तबकडीची केबल बाहेर वापरायची कॅट-६ घ्या, लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

गावाच्या चौकात सार्वजनिक वाय-फाय देण्यासाठी पीएम-वाणी ही सोय ९ डिसेंबर २०२० पासून आहे. किराणा दुकानदार, वाचनालय किंवा महिला बचत गट पब्लिक डेटा ऑफिस, म्हणजे जुन्या पीसीओसारखे केंद्र, चालवू शकतो. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, शुल्क नाही. ब्रॉडबँड जोडणी, वाणीला मान्य असलेले उपकरण आणि हिशेब-लॉगिन सांभाळणाऱ्या एका अ‍ॅग्रिगेटरशी करार, एवढे पुरते. ही योजना अडली ती मुख्यतः ब्रॉडबँडच्या भावात, कारण छोट्या केंद्रांकडून व्यावसायिक लीज लाइनचे पैसे मागितले जात. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, दराचा आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतची घरगुती फायबर योजना अशा केंद्राला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त भावाने देता येणार नाही. घरगुती योजना ६०० रुपयांची असेल तर केंद्राला १,२०० च्या वर मागता येत नाहीत. हा आदेश छापून बचत गटाच्या फाइलला लावा, मागणी करताना तो पुढे ठेवा. उपकरण एसटी थांब्यावर किंवा वाचनालयाच्या भिंतीवर पाच-सहा मीटर उंचीवर लावा. जास्त ताकदीचे महाग उपकरण घेऊन रेंज वाढत नाही, कारण उलट बाजूने बोलणाऱ्या मोबाइलची ताकद तेवढीच राहते. मोकळ्या जागेत ८०-१०० मीटरचा भरवसा धरा आणि पुढे हवे असेल तर दुसरे उपकरण लावा.

इथपर्यंत गावाच्या वेशीतले झाले. पण दर कोण ठरवतो, कंपनीला नकाशा प्रसिद्ध करायला कोण लावतो, इंटरनेट बंद करण्याचा हुकूम कोण काढतो, पत्त्यात कोणते अक्षर चालते, हे सगळे नियमांनी ठरते आणि ते नियम होण्याआधी लोकांकडून मते मागवली जातात. ट्राय सल्लापत्र काढते, मतांसाठी साधारण चार आठवडे आणि प्रतिमतांसाठी दोन आठवडे देते, मग खुली चर्चा घेते. ई-मेल कोणालाही करता येतो. २०१५ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांनी ट्रायला ई-मेल केले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ठराविक संकेतस्थळे स्वस्त आणि बाकी महाग अशा भेदभावी डेटा दरांवर बंदी आली. हे लोकांनी मिळवलेले आहे. ग्रामसभेचे पत्र तिथे क्वचितच पोहोचते, आणि त्याचे मोठे कारण हे की सल्लापत्रे मराठीत नसतात. त्यामुळे आमची ट्राय आणि दूरसंचार विभागाकडे मागणी आहे की प्रत्येक सल्लापत्राचा आणि मसुदा नियमांचा मराठी सारांश त्याच दिवशी प्रसिद्ध व्हावा आणि मुदत तिथून मोजावी. आपल्या ठरावातही ही मागणी घाला.

मत पाठवताना लांबलचक लिहू नका. प्रश्नाचा क्रमांक, तुमचे उत्तर आणि वहीतले आकडे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-दर्जाच्या नियमांनुसार मोबाइल कंपन्यांना आपल्या कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर टाकावे लागतात. तुमच्या पाड्यावर नकाशा फोर-जी दाखवतो आणि शाळेच्या पायरीवर एकही कांडी येत नाही, असे असेल तर ठिकाण, वेळ आणि फोनच्या पडद्याचा फोटो जोडा. दिल्लीत बसलेल्या तज्ज्ञाकडे हा पुरावा नसतो. बीएसएनएलकडे तुमच्या पेटीच्या चालू-बंद वेळेची यंत्रातली नोंद असते. तीही दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने मागता येते आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवे. ती नोंद आणि तुमची वही शेजारी ठेवली की बोलणे सोपे होते.

इंटरनेट बंदीविषयी थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद होते. अशा वेळी यूपीआयचे पैसे अडकतात, मुलांचे अर्ज राहतात. नोव्हेंबर २०२४ च्या नियमांनुसार बंदीचा हुकूम राज्यात गृहसचिव काढतात, तो कारणे आणि नेमका भूभाग लिहून प्रसिद्ध करावा लागतो, तो १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही आणि पाच दिवसांत आढावा समितीपुढे जातो. हुकूम प्रसिद्ध झाला नसेल तर त्याची प्रत मागण्याचा ठराव ग्रामसभा करू शकते. ‘वरून बंद आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नका.

शेवटी नावाचा प्रश्न, कारण तो आपल्याच भाषेचा आहे. मराठीत संकेतस्थळाचा पत्ता घेण्याची सोय .भारत या नावाने ऑगस्ट २०१४ पासून आहे. कऱ्हाड, वऱ्हाड, कुऱ्हा ही नावे घ्या. यातला अर्धा र, ज्याला आपण डोळ्याच्या पापणीसारखा काढतो, तो हिंदीत नाही. तो संगणकात दोन तऱ्हांनी टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडखूण टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे एकाच गावाच्या नावाचे दोन पत्ते होऊ शकतात, एक खरा आणि एक फसवणारा. जगभरच्या डोमेन नावांचा समन्वय करणाऱ्या आयकॅनमध्ये भारतीय लिप्यांचे नियम निओ-ब्राह्मी गटातल्या भाषा-जाणकारांनी बसवले, आणि २०१९ मध्ये सर्वांत वरच्या पातळीच्या नावांसाठी, म्हणजे पत्त्यातल्या .भारत सारख्या भागासाठी, देवनागरीचे नियम लागू झाले. त्यांत ‘ऱ’ हलन्तासह चालतो, अदृश्य खूण चालत नाही. मराठी जाणणारे कोणी त्या चर्चेत नसते तर हे अक्षर सुटून जाणे अगदी शक्य होते. आयकॅनच्या अ‍ॅट-लार्ज या वापरकर्त्यांच्या विभागात कोणतीही व्यक्ती वा संस्था सामील होऊ शकते, महाविद्यालयाचे मराठी विभाग आणि ग्रंथालय संघ तिथे असायला हवेत. ग्रामपंचायतीने स्वतःपुरते एवढे तपासावे: मराठी पत्ता ब्राउझरमध्ये उघडतो का, मराठी ई-मेल पत्ता शासकीय अर्जाच्या चौकटीत स्वीकारला जातो का, आणि ‘ऱ’ असलेले नाव कॉपी करून दुसरीकडे चिकटवल्यावर तसेच राहते का. जिथे अडते त्या पानाचा फोटो काढून त्या विभागाला पाठवा.

येत्या ग्रामसभेत मांडता येईल असा ठरावाचा मसुदा खाली देत आहोत. मोकळ्या जागा भरा, न लागणारे गाळा.

“मौजे ______ ची ग्रामसभा ठरवते की, ग्रामपंचायतीतील इंटरनेट जोडणीची चालू-बंद नोंदवही आजपासून ठेवली जाईल आणि दर ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या विषयानंतर वाचली जाईल. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ नुसार नेमलेल्या ग्रामविकास समितीकडे, ती नसल्यास नव्याने नेमून तिच्याकडे, ही देखरेख राहील आणि तिच्यातील दोन सभासदांना, त्यांपैकी एक महिला, दिवे व बॅटरी तपासण्याचे प्रशिक्षण दिले जाईल. जोडणीसाठी स्वतंत्र एमसीबी व बॅटरीचा खर्च ग्रामपंचायतीच्या निधीतून केला जाईल. गावातील प्रत्येक खोदाईच्या कार्यारंभ आदेशात केबल संरक्षणाची अट घातली जाईल. ______ वाडी व ______ पाडा यांना भारतनेटची जोडणी मिळावी अशी ही ग्रामसभा मागणी करते, सोबत ______ कुटुंबांची सहीनिशी यादी जोडली आहे. गावात शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या केबलचे मार्ग वेगळे असावेत. दूरसंचारविषयक सल्लापत्रे व मसुदा नियमांचा मराठी सारांश मिळावा. या ठरावाची प्रत बीएसएनएल जिल्हा कार्यालय, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि ट्राय यांना पाठवून पोच घ्यावी व पुढील ग्रामसभेत पोच दाखवावी.”

आपले,
फायबर जोडणी, गावपातळीवरील वाय-फाय आणि मराठी डोमेन नावांच्या कामात असलेले काही तंत्रज्ञ व कार्यकर्ते